बागेच्या दारातली खुर्ची

मंडळाचा इतिहास इतर भगिनींनी लिहिला आहेच. मला थोडी निराळी हकीकत सांगावयाची आहे. निमित्त घरचेच. सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून संध्याकाळी जवळच्या बागेत न्यावे, तर दाराशी फिरते फाटक आणि आत तीन पायऱ्या. त्या म्हणाल्या, "तू ये जा फिरून, मी बसते इथंच." मी कसली फिरते!

अशा माणसांनाही मोकळ्या हवेत आणावे, हे प्रथम सुचले तरी कोणाला? शोध घेऊ लागले, आणि दर वेळी जखमी सैनिकांपाशीच येऊन थांबले. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांना हातचे काम शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाची संस्था निघाली. ती पुढे आपल्या खडकीस आली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात, स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात, डॉ. लुडविग गुट्टमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी हिरवळीवर तिरंदाजीचे सामने भरविले. खेळाडू सोळा, सारे खुर्चीत बसणारे माजी सैनिक. त्यांत दोन स्त्रिया होत्या, हे आपण विसरू नये! या सामन्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

तेथवर आपला मराठी माणूसही पोहोचला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे बळ गेले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. असो.

खडकीलाच १९७४ साली कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तेथील जवान खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, कोणी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. आमची बाग मात्र तीन पायऱ्यांवर अडून बसली आहे. सार्वजनिक जागा सर्वांना जाता येईल अशा हव्यात, असे २०१६ चा कायदा सांगतो.

म्हणून यंदा मंडळातर्फे अर्ज करीत आहोत. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे उतार अठरा फुटांचा. मी टेप धरून मोजले आहे: बोगनवेलीपर्यंत बावीस फूट जागा आहे. अर्जावर पहिली सही सासूबाईंची आहे.