मसल कार : प्रदर्शनासाठीची निवड आणि अस्सलतेचे निकष

मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे, शक्तिशाली इंजिन बसवून १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या गाड्या ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जातात. प्रदर्शनासाठी त्या निवडताना झळाळीपेक्षा इतिहासातील स्थान महत्त्वाचे ठरते. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ या परंपरेचा प्रारंभ मानली जाते. १९६९ ची डॉज चार्जर डेटोना नॅसकार शर्यतींसाठी घडवली गेली. तर ४५० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनासह मिळणारी १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल एसएस ४५४ हा या स्पर्धेचा कळस होता. पुढे वाढते विमाहप्ते, प्रदूषणविषयक नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हे पर्व ओसरले.

निवडीची खरी कसोटी अस्सलतेची असते. जीटीओ ही मुळात टेम्पेस्ट ल मान्सवरच बेतलेली होती. १९६४ च्या गाडीचा चासी क्रमांक या दोहोंतील फरक सांगत नाही. त्यामुळे साध्या गाडीवर चिन्हे बसवून जीटीओची प्रतिकृती सहज तयार होते. म्हणून इंजिनावरील क्रमांक आणि कारखान्यातील मूळ नोंदी पडताळून पाहणे आवश्यक असते. प्रतिकृती मांडायची झाल्यास फलकावर तसा स्पष्ट उल्लेख हवा. अन्यथा प्रेक्षकांपुढे इतिहासच चुकीचा मांडला जातो.