टोकियोचा खटला आणि न मोजलेली माणसे

मंडळी, गावात मारामारी झाली आणि निवाड्याला पंच म्हणून मार खाल्लेल्याचेच चुलतभाऊ बसले, तर पारावर काय बोलणे होईल ते तुम्हांला सांगायला नको. मारणारा खरोखरच दोषी असेल, पंचांचा निकालही बरोबर असेल, तरी लोक म्हणणारच, "घरचेच पंच, मग काय!" त्यातून त्याच रात्री पंचांच्या बाजूच्या कोणी समोरच्याची गंजी पेटवली असेल आणि तिच्याबद्दल पंचायतीत चकार शब्द निघाला नसेल, तर मग विचारूच नका.

असाच एक निवाडा, पण अतिशय मोठा, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या राजधानीत झाला. ३ मे १९४६ या दिवशी टोकियोतल्या इचिगाया टेकडीवर, ज्या इमारतीतून जपानच्या युद्धखात्याचा कारभार चाले तिथेच, जिंकलेल्या राष्ट्रांनी न्यायालय भरवले. आरोपी अठ्ठावीस. त्यांत माजी पंतप्रधान, सेनापती, मंत्री, राजदूत. मुख्य आरोपी जनरल तोजो, ज्यांच्या कारकिर्दीत पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

हे आरोपी म्हणजे कुणी बिचारे साधू नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. डिसेंबर १९३७ मध्ये चीनचे नानकिंग शहर पडल्यावर जपानी सैन्याने तिथे कित्येक आठवडे कत्तल आणि बलात्कार चालवले. फिलिपाईन्समध्ये शरण आलेल्या कैद्यांना उपाशी, तहानलेले उन्हातून चालवत नेले. वाटेत जो पडला त्याला संगिनीने संपवले. सयाम ते ब्रह्मदेश असा रेल्वेमार्ग जंगल तोडून बांधला, त्यात बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. ह्या गोष्टींना साक्षीपुरावा भरपूर होता. तेव्हा खटला चालवू नये होता असे म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण न्यायासनावर कोण बसले होते ते पाहा. न्यायाधीश अकरा; अकराही जपानशी लढलेल्या किंवा जपानकडून पोळलेल्या देशांचे. तटस्थ देशाचा एक नाही, जपानचा तर नाहीच. फिलिपाईन्सचे न्यायमूर्ती हारानिया हे स्वतः त्या बतानच्या कूचातून जिवंत राहिलेले कैदी! अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे वेब. त्यांनी आधी आपल्या सरकारसाठी जपानी अत्याचारांची चौकशी केलेली. रशियाचे न्यायाधीश असे की त्यांना न्यायालयाच्या दोन भाषांपैकी, इंग्रजी वा जपानी, एकही येत नव्हती. आपले रामशास्त्री प्रभुणे आपल्याच धन्याकडे बोट दाखवून प्रायश्चित्त सांगून गेले, ही गोष्ट शिक्षक मंडळी वर्गात दरवर्षी सांगतात. टोकियोच्या सरकारी वकिलांच्या ताफ्यात मात्र स्वतःच्या सरकारकडे बोट दाखवणारा कोणी निघाला नाही.

दाखवले ते आरोपींच्या वकिलाने, आणि तो होता अमेरिकन! कारण आरोपींना अमेरिकन वकील दिलेले होते, आणि त्यांनी ते काम मनापासून केले, हे त्या न्यायालयाच्या बाजूने सांगायलाच हवे. मे १९४६ मध्ये ब्लेकनी नावाच्या वकिलाने विचारले की, पर्ल हार्बरला माणसे मेली तो जर खून, तर हिरोशिमावर बॉम्ब टाकायला सांगणाऱ्याचे नावही आम्हांला ठाऊक आहे, त्याचे काय? तो बोलत असता त्याच्या भाषणाचे जपानी भाषांतर मध्येच बंद पडले. दालनातल्या जपानी लोकांना तो प्रश्न त्यांच्या भाषेत ऐकूच आला नाही.

अकरांपैकी एक न्यायाधीश आपल्याकडचे होते, राधाबिनोद पाल. बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या सलीमपूर खेड्यात १८८६ साली गरीब घरात जन्म. आधी मैमनसिंगच्या कॉलेजात गणित शिकवत. मग कायद्याकडे वळले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, त्या विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, आणि सुरुवातीच्या यादीत भारताला जागाही नव्हती. ती मागाहून मिळाली, म्हणून पाल पोहोचले ते खटला उभा राहिल्यानंतरच.

खटला अडीच वर्षे चालला. नोव्हेंबर १९४८ मध्ये निकाल लागला. दोन आरोपी मध्येच वारले होते, एक वेडा ठरला होता. उरलेले पंचवीसही दोषी. सातांना फाशी, सोळांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. २३ डिसेंबर १९४८ रोजी सुगामो तुरुंगात त्या सातांना फाशी दिली. पालांनी मात्र बाराशेहून अधिक पानांचे वेगळे निकालपत्र लिहिले, आणि त्यात सर्वच्या सर्व आरोपी निर्दोष धरले! न्यायालयात ते वाचून दाखवले गेले नाही, आणि अमेरिकन अंमल १९५२ साली उठेपर्यंत जपानात ते छापूही दिले नाही.

इथे जरा थांबून नीट समजून घेऊ, कारण पालांच्या नावावर पुढे फार काही खपवले गेले. त्यांचे म्हणणे असे: आक्रमक युद्ध सुरू करणे हा व्यक्तीचा गुन्हा, असा कायदा ते युद्ध सुरू झाले तेव्हा नव्हता, तो मागाहून करून मागे लावता येत नाही. जिंकणाऱ्याने हरलेल्याला शिक्षा देणे म्हणजे न्याय नव्हे. अणुबॉम्बच्या निर्णयाबद्दलही त्यांनी फार कडक लिहिले. पण नानकिंगमध्ये काही घडलेच नाही, असे ते कुठेही म्हणत नाहीत. उलट, जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा जबरदस्त आहे, असेच ते लिहितात. ह्याच आरोपींच्या हुकुमाने ते झाले हे मात्र त्यांच्या मते शाबीत झाले नव्हते. जपानातल्या कडव्या राष्ट्रवाद्यांनी एवढेच उचलले की, एका भारतीय न्यायाधीशाने आम्हांला निर्दोष ठरवले. २००५ साली टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात पालांचे स्मारक उभारले. त्याच देवळात त्या सात फाशी गेलेल्यांचीही पूजा होते.

मला विचाराल, तर पालांचा प्रश्न खरा, उत्तर पटत नाही. पंच पक्षपाती म्हणून गुन्हाच सोडून द्यायचा, तर ज्या बाईचा नवरा नानकिंगच्या नदीकाठी मारला तिने जायचे कुठे? हॉलंडचे न्यायाधीश रोलिंग यांनी मधली वाट धरली. काही आरोपी सुटायला हवेत, असे नावानिशी लिहिले आणि बाकीच्यांना दोषीच धरले. त्यांनी सोडा म्हटलेल्यांत माजी पंतप्रधान हिरोता होते. त्यांना फाशी झाली.

आणि खरे सांगायचे तर, पालांच्या वादातही एक बाजू झाकलीच जाते. जेते आणि जित यांच्यात न्याय झाला का, एवढेच आपण विचारत बसतो. जे जेत्यांतही नव्हते आणि जितांतही नव्हते, त्यांचे काय?

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. न्यायासनावर कोरियाचा कोणी नव्हता. त्या देशावर जे गुदरले त्याचे आरोपपत्रही नव्हते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात कोरियन होते बरं का! जपान्यांनी युद्धकैद्यांवर पहारेकरी म्हणून कोरियन पोरे नेमली होती. टोकियोबाहेर ठिकठिकाणी जे छोटे खटले झाले त्यांत १४८ कोरियन दोषी ठरले, तेवीसांना मृत्युदंड झाला.

मांचुरियात हार्बिनजवळ इशी शिरो या लष्करी डॉक्टराच्या तुकडीने जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. मेलेले बहुतेक चिनी. अमेरिकेने प्रयोगांची टिपणे ताब्यात घेतली आणि बदल्यात इशीला हात लावला नाही. रशियाने मात्र आपल्या हाती लागलेल्या बारा जणांवर डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्हस्क येथे खटला चालवला. तेव्हा पश्चिमेकडची राष्ट्रे म्हणाली, हा सगळा प्रचार आहे. प्रचार होताही, पण प्रयोग खरे होते.

जावा बेटावरची गोष्ट तर अशी की सांगताना जीभ अडखळते. सेमारांग येथे जपानी अधिकाऱ्यांनी छावणीतल्या डच स्त्रियांना बळजबरीने लष्करी कुंटणखान्यात नेले. त्याबद्दल १९४८ साली बटाव्हियाच्या डच न्यायालयाने शिक्षा दिल्या, एकाला मृत्युदंडही. योग्यच झाले. पण त्याच बेटावरच्या जावानीज मुलींवर तोच प्रसंग आला होता, आणि त्यांच्यासाठी असा खटला उभा राहिला नाही. कोरियातली किम हाक-सुन ही बाई ऑगस्ट १९९१ मध्ये स्वतःचे नाव सांगून जगासमोर बोलली, तेव्हा युद्ध संपून ४६ वर्षे झाली होती.

आता आपल्या माणसांकडे वळू. सिंगापुरात ब्रिटिशांनी जानेवारी १९४६ मध्ये जो पहिला युद्धगुन्ह्यांचा खटला चालवला, तो भारतीय शिपायांच्याच छळाचा होता. त्या युद्धकैद्यांना जपान्यांनी पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवर नेले होते. म्हणजे गणवेशातल्या भारतीयाला दाद मिळाली. पण सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर युद्धकैद्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर राबवले गेले, त्यांत मलायाच्या रबराच्या मळ्यांतले तमिळ कुटुंबवाले फार. कोणाला फसवून नेले, कोणाला रस्त्यावरून उचलले. पटकीने ते झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या होईतो मेले. आकडा ऐंशी-नव्वद हजार असावा असा अंदाज करतात. नक्की सांगता येत नाही, कारण त्यांची हजेरीच कोणी ठेवली नाही. कांचनबुरीला युद्धकैद्यांचे दफनस्थान आहे. सुमारे सात हजार थडगी, ओळीने, राखलेल्या हिरवळीवर. मजुरांचे तसे काही नाही. खटले झाले ते बहुतेक कैद्यांबद्दलचे. मजुरांबद्दलचे अगदी क्वचित.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. युगोस्लाव्हियासाठी १९९३ साली न्यायालय नेमले. त्याने सर्ब, क्रोट, बोस्नियाक, कोसोव्होचे आल्बेनियन, सगळ्या बाजूंच्या लोकांना पिंजऱ्यात उभे केले, आणि प्रत्येक बाजूने ओरड केली की, आमचेच कसे धरता. रवांडाच्या न्यायालयाने तुत्सींच्या वंशसंहाराबद्दल मोठमोठ्यांना शिक्षा दिल्या. पण जिंकलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांवर एकही खटला उभा राहिला नाही. त्यांची चौकशी सुरू करणाऱ्या सरकारी वकील कार्ला देल पोंते यांच्याकडून २००३ साली रवांडाचे काम काढून घेतले गेले. रोम येथे १७ जुलै १९९८ रोजी १२० राष्ट्रांनी कायम न्यायालयाच्या बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला आणि त्यात सामील झाला नाही. अमेरिका, रशिया, चीनही बाहेरच. त्या न्यायालयाची २००५ पासून २०२२ च्या मध्यापर्यंत जी वॉरंटे उघड झाली, ती सगळी आफ्रिकेतल्या लोकांवर. त्यानंतर मात्र ती रशियाच्या अध्यक्षांवर आणि इस्राएलच्या पंतप्रधानांवरही निघाली. वॉरंट निघणे वेगळे आणि बेडी पडणे वेगळे, हे फौजदारी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

रेल्वेवरच्या त्या कोरियन पहारेकऱ्यांपैकी एकाचे नाव ली हाक-रे. सतरा वर्षांचा असताना भरती झाला, सयामात हिंतोक छावणीवर नेमला गेला. आजारी कैद्यांना कामावर पिटाळल्याबद्दल १९४७ साली सिंगापुरात ऑस्ट्रेलियन न्यायालयाने त्याला फाशी सांगितली. मग ती वीस वर्षांच्या कैदेवर आणली. पुढे टोकियोच्या सुगामोत ठेवला. जपानने कोरियाचे स्वातंत्र्य मान्य केले, तेव्हा तिथले कोरियन कैदी म्हणाले, आता आम्ही जपानी नाही, सोडा. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली सांगितले, शिक्षा झाली तेव्हा तुम्ही जपानी होता, भोगा. पुढल्याच वर्षी जपानने जुन्या सैनिकांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू केले, तेव्हा उत्तर मिळाले, तुम्ही तर जपानी नाही. १९५६ साली तो सुटला. १९९१ साली ऑस्ट्रेलियात जाऊन त्याने जुन्या कैद्यांची क्षमा मागितली. आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी भरपाईचा कायदा व्हावा म्हणून तो जपानच्या संसदेच्या पायऱ्या झिजवत राहिला. मार्च २०२१ मध्ये, शहाण्णव वर्षांचा होऊन, टोकियोत वारला. कायदा तोवर झालेला नव्हता.