आजीचं वय काढताना

इंदूरहून देपालपूरच्या वाटेवर हातोद लागतं. आज तिथे नगरपरिषद आहे, तहसील आहे, आणि इंदूर शहर दरवर्षी थोडं थोडं त्याच्याकडे सरकत आहे. आमची आजी तिथे आली तेव्हा मात्र ते होळकरशाहीतलं काळ्या मातीचं एक साधं गाव होतं. ती तिथे एक्याऐंशी वर्षं राहिली. आम्हा भावंडांची सुट्टी तिच्याच ओट्यावर गेली. तरीही २०११ साली ती गेली आणि मृत्यूच्या नोंदीसाठी कागद भरायची वेळ आली, तेव्हा आम्हा नातवंडांना तिचं वय सांगता आलं नाही. कोणी म्हणालं नव्वद, कोणी पंच्याऐंशी. मतदार ओळखपत्रावर फोटो काढायच्या दिवशी आम्हीच अंदाजाने सांगितलेलं वय होतं. त्याच्यावरून हिशेब करून आम्ही अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

तेरावं झाल्यावर ही गोष्ट मनाला लागून राहिली. ज्या बाईने आम्हा सगळ्यांचे वाढदिवस तिथीसकट लक्षात ठेवले, तिचं वय आम्ही अंदाजाने लिहिलं होतं. मग आम्ही शोध सुरू केला. आजीसारख्या माणसांच्या इतिहासाची साधनं दप्तरखान्यात सापडत नाहीत, ती माळ्यावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असतात, हे या शोधात आम्हाला कळलं.

पहिलं साधन तिचंच बोलणं. ती सांगे, "मानमोडीच्या साथीत मी नुकती पावलं टाकायला लागले होते." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या साली पावसाळा सरता सरता ही साथ गावोगाव पसरली आणि हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसं दगावली. आजीचं माहेर खानदेशात, भुसावळच्या बाजूला. त्या साथीत तिची आई गेली आणि तिला आत्याने वाढवलं. तेव्हा ती वर्ष-सव्वा वर्षाची असेल, तर जन्म १९१७ चा, म्हणजे शके १८३९ चा ठरतो.

पण महिन्याचा घोळ होता. आम्हाला ती सांगायची, "श्रावण वद्य नवमी, गोपाळकाल्याचा दिवस." शेजारच्या मालवी बायकांना मात्र ती भादव्यातला जन्म सांगे. पुढे पुढे आम्ही समजत होतो की आजीला विसर पडतो आहे. आमच्या वडिलांनी तर एकदा तिला यावरून चिडवलंही होतं. ती फक्त हसली होती.

पंचांग समोर ठेवून बसलो तेव्हा उलगडा झाला. आपल्या महाराष्ट्रीय पंचांगात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचं नाव दोघांचं एकच, पण वद्य पक्षात माळवा आपल्यापुढे एक महिना असतो. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावणातली आणि त्यांची जन्माष्टमी भादव्यातली, दिवस मात्र तोच. आजी दोन्ही पंचांगं बिनचूक चालवत होती. समोर कोण आहे ते पाहून ती महिना सांगायची. तिची आठवण चुकत नव्हती, आम्हीच एका पंचांगाचे होतो. वर्षंही ती अशीच दुहेरी मोजायची. माहेरच्या गोष्टी शकात, सासरच्या संवतात. तिची सासू छप्पन्याच्या काळाच्या गोष्टी सांगे, तो संवत १९५६ चा, म्हणजे इसवी १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ. माळव्यात एरवी अन्नपाण्याला तोटा नाही अशी ख्याती, पण त्या वर्षी इथल्या लोकांनीही झाडांच्या साली उकळून खाल्ल्याचं ती सासूच्या तोंडून ऐकून आम्हाला सांगायची.

दुसरं साधन माळ्यावर सापडलं. चिंच लावून घासल्यावर तांब्याच्या एका घागरीच्या गळ्याशी अक्षरं दिसली. आजीच्या वडिलांचं नाव, "चि. सौ. कां." आणि पुढे एक मुलीचं नाव, खाली "माघ शके १८५१". ते नाव आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं ते तिचं सासरचं, लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. ज्या नावाने तिला बारा वर्षं हाक मारली गेली, ते एका घागरीवर ऐंशी वर्षं काळवंडत पडलं होतं.

माघ शके १८५१ म्हणजे १९३० चा आरंभ. ही तारीखही बोलकी आहे. शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. त्याआधी लग्नं उरकून घ्यायची घाई तेव्हा इंग्रजी मुलखात ठिकठिकाणी झाली. खानदेश इंग्रजी मुलखातच होता. आजीला बारा पुरी होऊन तेरावं चालू होतं, आजोबा सतराचे होते. "कायदा येतोय म्हणून वडलांनी घाई केली," असं ती म्हणत असे. कोणता कायदा, हे आम्ही कधी विचारलं नाही. दोन महिने उशीर झाला असता तर कदाचित तिला आणखी एक वर्ष माहेर मिळालं असतं.

ती आली खंडव्यावरून. तिथे मोठी गाडी सोडून छोट्या रुळांची गाडी धरायची. ही लाईन तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन करवून घेतलेली. मोरटक्क्याला नर्मदा आली तेव्हा डब्यातल्या बायकांनी पैसे टाकले आणि तिच्याही हातात एक पैसा दिला. पुढे काळाकुंड-पाताळपाणीचा घाट, महू, मग इंदूर, आणि तिथून बैलगाडी. सकाळी निघालेली गाडी उन्हं कलताना हातोदला पोचली. त्याच १९३० साली यशवंतराव होळकरांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. पुढे १९४८ मध्ये मध्यभारत झाला, १९५६ मध्ये मध्यप्रदेश. आजीने घर एकदाही बदललं नाही, पण तीन राज्यांत संसार केला. तिच्या डब्यात संवत १९९२ चं, यशवंतरावांच्या छापाचं तांब्याचं नाणं होतं. ते तिने शेवटपर्यंत मोडीत घालू दिलं नाही.

गावातल्या बायका सुरुवातीला तिला "दखणी बई" म्हणत. वर्षभरात ती मालवी बोलू लागली. मोटेला चडस म्हणायला शिकली, बाफले भाजायला शिकली. आणि भाद्रपद पौर्णिमा आली तेव्हा तिला एक नवल दिसलं. माहेरी त्या दिवशी भुलाबाई बसायची, इथे मुली भिंतीवर शेणाने संजा काढत होत्या. आरंभाची तिथी दोघींची एकच. संजा पितृपक्षाअखेर बोळवायची, भुलाबाई कोजागरीपर्यंत राहायची. आजीने भिंत संजाला दिली आणि पाट भुलाबाईला. मग हळूहळू मालवी मुली भुलाबाईच्या खिरापतीला येऊ लागल्या. गणपती विसर्जन झाल्यावर घर सुनं वाटतं असं आपण म्हणतो. हातोदच्या घरात चार दिवसांत पुन्हा गाणी सुरू व्हायची, तीही दोन भाषांत.

तिसरं साधन मतदारयादीचं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत आजी नव्हती. यादी करणारा दारात आला तेव्हा सासू ओट्यावर होती. आजीने नाव न सांगता "धाकट्याची आई" एवढंच सांगितलं. अशी ती एकटी नव्हती. देशात त्या वेळी जवळजवळ आठ कोटी स्त्री-मतदार होत्या. त्यातल्या सुमारे अठ्ठावीस लाखांनी आपलं खरं नाव सांगितलं नाही, म्हणून त्यांना यादीतून वगळावं लागलं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश यांच्याबरोबर आपला मध्यभारतही त्यात होता. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अमक्याची आई, तमक्याची बायको अशी नोंद चालवून घ्यायला तयार नव्हते. तेव्हा हे कठोर वाटलं असेल, आज ते योग्यच वाटतं.

१९५७ च्या निवडणुकीआधी पुन्हा कोणी विचारायला आलं. सासू तेव्हाही होती. वडील सांगत, की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव एका दमात सांगून परत आत गेली. अंगणात खेळणारी मुलं थांबली होती. आईच्या तोंडून आईचं नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यानंतर तिने एकही मतदान चुकवलं नाही. २००८ ला तर काठी टेकत, आम्हाला मागे ठेवून केंद्रावर गेली.

तर हिशेब असा जुळला. जन्म शके १८३९, लग्न शके १८५१, मृत्यू २०११. आजी चौऱ्याण्णव वर्षांची होऊन गेली. आम्ही तिच्या आयुष्यातली सहा वर्षं कागदावरून पुसून टाकली होती. घरच्या वंशावळीत आजवर मुलगे, नातू, पणतू यांचीच नावं होती. आता तिथे आजीची दोन्ही नावं लिहिली आहेत, घागरीवरचं आधी आणि तांदळातलं नंतर. इथे ती छापत नाही. चारचौघांत नाव घ्यायचं की नाही, हे तिचं तीच ठरवत असे.

आपल्यापैकी अनेकांची घरं दोनशे वर्षांपासून माळव्यात आहेत. सरदार-दरकदारांच्या पिढ्या आपण पाठ म्हणून दाखवतो. पण पणजीचं माहेरचं नाव विचारलं की बहुतेक जण गप्प होतात, आम्हीही झालो होतो. या गौरींना माळ्यावरची भांडी खाली काढाल, तेव्हा घासण्याआधी त्यांच्या गळ्याशी काय कोरलं आहे तेवढं वाचा. आणि घरात नव्वदीची कोणी असेल तर तिच्याजवळ बसून विचारा. महिना ती दोन पंचांगांतला सांगेल, तर दोन्ही लिहून घ्या.