आकडी, लग्न आणि कायद्यातले दोन शब्द

लग्न जमवताना पत्रिका, गोत्र, नोकरी, घरदार सगळे मोकळेपणाने विचारले जाते. एक प्रश्न मात्र मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारतात, "फिट वगैरे येत नाही ना?" आकडी म्हणा, फेफरे म्हणा, आमच्या इंदूरकडे मिरगी म्हणा, नावे अनेक पण लपवाछपवी एकच. ती लोकांच्या अज्ञानातून आली असे आपण समजतो. पण तेवीस वर्षे तिच्यामागे देशाचा कायदाच उभा होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आजार फार जुना. चरकसंहितेत अपस्मारावर निदानाचा आणि चिकित्सेचा असे स्वतंत्र अध्याय आहेत आणि दोषांवरून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ग्रीसमध्येही हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांनी, हा देवाचा कोप नसून मेंदूचा विकार आहे, असे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. तरी आपण अजून कांदा आणि चप्पल हुंगवतोच!

लग्नावरची बंदी मात्र पुरातन नाही, ती आधुनिक म्हणवणाऱ्या देशांची देणगी. 'सदोष' माणसांची संतती वाढू नये या विचाराने अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १८९५ साली अशा लग्नांवर बंदी घातली. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३३ च्या कायद्यात आनुवंशिक अपस्मार असणाऱ्यांची सक्तीने नसबंदी करण्याची तरतूद केली. इंग्लंडने १९३७ साली, वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे लग्न रद्द करण्याचे कारण ठरवले. आणि औषधे नव्हती असेही नाही. फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात होते, फेनिटॉइन १९३८ साली आले.

आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेखच नव्हता. तो आला १९७६ साली, आणीबाणीत. ज्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा घटस्फोट आणला, तिनेच विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांना जोडून 'किंवा अपस्मार' हे दोन शब्द घातले. विशेष विवाह कायद्यातही तेच झाले. शब्दरचना इंग्लंडच्या जुन्या कायद्याशी जुळणारी, पण खुद्द इंग्लंडने ते कारण १९७१ मध्येच काढून टाकले होते. मी सरकारी कचेरीत फायली हाताळणारा माणूस; जुना मसुदा समोर ठेवून नवा कसा तयार होतो, हे मला चांगले माहीत आहे. झटके किती, केव्हाचे, औषधाने थांबलेले की चालू, यातले काहीच त्या कलमात नव्हते.

परिणाम काय झाला? खरे सांगावे तर लग्न जमत नसे. लपवून केले आणि पुढे कळले तर ते न्यायालयातून रद्द होण्याची टांगती तलवार. आमच्याच नात्यातील एक आत्या, उत्तम शिवण शिवणारी, वर्षानुवर्षे झटका आला नसतानाही बिनलग्नाची राहिली. घरच्यांनी कायदा वाचला नव्हता, पण "असे लग्न टिकत नाही" हे त्यांच्या कानावर होतेच.

१९७० साली स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. अखेर १९९९ च्या दुरुस्तीने ते दोन शब्द दोन्ही कायद्यांतून गेले.

सवय मात्र गेली नाही, आणि तिचा खरा फटका बसतो तो दिवस राहिल्यावर. सासरी कळू नये म्हणून नवी सून गोळ्या लपवते, चुकवते किंवा बाळाच्या भीतीने एकदम बंद करते. मग येणारा जोराचा झटका आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा. याउलट गोळ्याही सगळ्या सारख्या नाहीत. व्हॅल्प्रोएट हे झटक्यांवर चांगले औषध, पण गर्भारपणात ते चालू असेल तर शंभरात साधारण दहा बाळांत मोठे व्यंग आढळते; एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. म्हणून औषध बदलायचे तर ते दिवस राहण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फॉलिक अ‍ॅसिडही तेव्हापासूनच सुरू करायचे. हे सगळे नवराबायको मिळून डॉक्टरांकडे गेले तरच जमते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अशा मातांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. बहुतेकींना निरोगी मूल होते आणि गोळ्या चालू असताना सहसा अंगावर पाजताही येते. आईला आजार म्हणजे मुलालाही होणारच, हेही खरे नाही. बहुसंख्य मुलांना तो होत नाही.

२०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे बायकोच्या अपस्माराचे कारण देऊन घटस्फोट मागणारा एक नवरा आला होता. हा आजार असाध्य नाही आणि मनोविकारही नाही, असे सांगून न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. ते दोन शब्द कायद्यातून जाऊन तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती.