गोळीचे वजन (दूर पल्ल्याची एकबारी रायफल)

८०० ते १००० यार्डांवरील लक्ष्यवेधासाठी, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीत किती वजनाची गोळी वापरावी, हा प्रश्न काळ्या दारूच्या जमान्यात, विशेषतः १८७० नंतरच्या दशकात, अमेरिकन व ब्रिटिश नेमबाजांच्या मोठ्या आस्थेचा होता. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो.

न्यूयॉर्कनजीक क्रीडमूर येथे २६ सप्टेंबर १८७४ रोजी झालेल्या सामन्यात अमेरिकन संघाने रेमिंग्टन व शार्प्स बनावटीच्या काडतुशी एकबारी रायफलींनी, रिग्बीच्या ठासणीच्या रायफली वापरणाऱ्या आयरिश संघावर ९३४ विरुद्ध ९३१ असा विजय मिळविला, आणि तेव्हापासून लांब, जड शिशाच्या गोळीची प्रतिष्ठा अमेरिकेत कायम झाली. एकबारी रचनेत काडतुसांची कोठी नसल्यामुळे गोळी कितीही लांब वा निमुळती ठेवण्यास आडकाठी नसते, हा तिचा खरा लाभ होय.

नळीचा व्यास ठरलेला असल्याने वजन वाढविणे म्हणजे लांबी वाढविणेच होय. हवेला सामोरे जाणारे तोंड तेवढेच राहून मागील वस्तुमान वाढते. त्यामुळे जड गोळी नळीतून सुटताना मंद असली तरी वेग टिकवून धरते, आणि आडव्या वाऱ्याने कमी ढळते. परंतु लांब गोळीस स्थैर्यासाठी अधिक फिरकी लागते, आणि ती देणे नळीतील आट्यांच्या पिळावर अवलंबून असते. ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाच्या नियमानुसार व्यासाच्या वर्गास १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागले असता, एका पूर्ण फेऱ्यास नळीची किती लांबी पुरेल ते निघते. ०.४५८ इंच व्यासाची व १.४ इंच लांबीची गोळी घेतल्यास उत्तर सुमारे २२.५ इंच येते. म्हणजे २२ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीत ही गोळी काठावर उभी असते, तर १८ इंची पिळात निर्धास्त. फिरकी अपुरी पडल्यास गोळी डोलू लागते, आणि कागदावर वाटोळ्या छिद्राऐवजी लांबट चीर उमटते. अशी एकही चीर दिसली, तर ते वजन त्या नळीपुरते बाद समजावे.

अमेरिकन लष्कराने १८७९ मध्ये सँडी हूक येथे फार दूरच्या पल्ल्यांवर चाचण्या घेतल्या आणि पुढे पायदळाच्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी ४०५ ग्रेनच्या गोळीऐवजी ५०० ग्रेनची गोळी मंजूर केली. घोडदळाच्या आखूड कार्बाइनीस मात्र ५५ ग्रेन दारूसह ४०५ ग्रेनचीच गोळी ठेवली, कारण हलक्या हत्याराचा धक्का खांद्यास सोसवत नाही. स्पर्धेच्या रायफलींच्या वजनावरही १० पौंडांची मर्यादा असे, आणि गोळीच्या वजनवाढीस तीही एक लगाम होती.

धातूचाही विचार हवा. मऊ शिशाच्या लांब गोळीचे नाक दारूच्या आघाताने बसते, म्हणून शिशाच्या १६ ते २० भागांस कथिलाचा १ भाग मिसळतात.

१०० यार्डांवरील छिद्रांची सुरेख जुळणी गोळीचे वजन निवडण्याच्या बाबतीत दगा देते, कारण ध्वनीच्या वेगाखाली उतरताना गोळीची होणारी परीक्षा तेथे अद्याप झालेली नसते. निवाडा प्रत्यक्ष सामन्याच्याच अंतरावर करावा. ०.४५ इंची नळीस, पीळ १८ इंची असल्यास ५२० ते ५५० ग्रेन वजन योग्य. २२ इंची असल्यास ५०० ग्रेनच्या पुढे न जाणेच श्रेयस्कर.