यवतमाळ जिल्ह्यांतील सॅनिटायझर-प्रकरण : शके १९४२-४३

मोडी कागदाचा चिटोरा दिसला तर तो जपावा, आणि घरांतल्या बाटलीवरील चिठी मात्र केरांत टाकावी, ही आम्हां संग्राहकांची जुनी खोड आहे. यवतमाळ जिल्ह्यांत सन २०२१ मध्यें घडलेल्या दोन गोष्टींचा अर्थ अशा चिठीवांचून लागत नाहीं. म्हणून त्यांची नोंद येथें करीत आहों.

प्रथम कायद्याचा क्रम पाहूं. १९४० च्या औषधविषयक कायद्याच्या नांवांत 'सौंदर्यप्रसाधनें' हा शब्द १९६२ च्या दुरुस्तीनें आला. हात निर्जंतुक करण्याचें द्रव या कायद्यानें औषधांत मोडे व त्याच्या विक्रीस परवाना लागे. करोनाची साथ येतांच केंद्र सरकारनें १३ मार्च २०२० रोजीं तें जीवनावश्यक वस्तूंत घातलें. त्याच महिन्यांत २०० मिलिलिटरच्या बाटलीस १०० रुपये ही कमाल किंमत बांधली. पुढें २७ जुलैच्या आदेशानें विक्रीचा परवाना माफ झाला; मुदत उलटलेला माल विकूं नये ही अट तेवढी राहिली. माल खेडोपाडीं पोंचावा हा हेतु उघड आहे, आणि तो सफल झाला.

या द्रवाचे जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेले पाठ दोन. एकांत इथेनॉल शेंकडा ८०, दुसऱ्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल शेंकडा ७५. दोन्ही हातास चोळावयाचे. पोटांत घ्यावयाचे नव्हेत.

आतां त्या दोन घटना. ३१ जानेवारी २०२१ हा पोलिओ-लसीकरणाचा रविवार होता. घाटंजी तालुक्यांतील कापसी-कोपरी येथें पांच वर्षांखालील १२ बालकांस लशीऐवजीं सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांस यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत नेलें. सुदैवानें सर्व बचावलीं. पुढें एप्रिलमध्यें टाळेबंदीमुळें दारूचीं दुकानें बंद असतां वणी येथें सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले.

परवाना माफ झाला म्हणून हें घडलें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. पहिली घटना दुकानांत नव्हे, लसीकरणाच्या केंद्रावर घडली. दुसरींत पिणाऱ्यांनीं दारूच्या अभावीं हें द्रव जवळ केलें. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

मग या घटनांवरून ठरतें काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें सप्टेंबर २०१६ मध्यें ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्यें धुण्याच्या साबणांत वापरण्यास मनाई केली. कारण उत्पादकांनीं त्यांच्या निर्धोकपणाचा व साध्या साबणाहून अधिक उपयोगाचा पुरावा पुरविला नव्हता. तेथें प्रश्न होता, सांगितल्याप्रमाणें वापरणाऱ्यास अपाय होतो काय? यवतमाळ जिल्ह्यानें निराळा प्रश्न पुढें केला : सांगितल्यावेगळें वापरणाऱ्याचें काय? आमच्याकडील आदेशांनीं किंमत, पुरवठा व मुदत पाहिली. हा प्रश्न त्यांच्या कक्षेंत आला नाहीं. औषध व विष यांतील भेद द्रव्यापेक्षां योजनेवर अवलंबून असतो, हें चरकानें सूत्रस्थानाच्या आरंभींच्या अध्यायांतच बजावलें आहे. एकच द्रव कायद्यास औषध, घाईच्या हातास लस, आणि तहानलेल्यास दारू झालें. त्यांतील भेद सांगण्याचें काम बाटलीचा आकार व तिच्यावरील चिठी यांवरच येऊन पडलें.

पुष्पिका गळालेल्या पोथीचा कर्ता व काळ ठरवितांना आपली जी तारांबळ उडते, ती सर्वांस ठाऊक आहे. पण तेथें फार तर एखादें अनुमान चुकतें. येथें सात घरांचीं माणसें गेलीं.

तरी ज्यांच्या घरीं त्या वर्षांतील बाटल्या, चिठ्या, दुकानांचीं बिलें व सरकारी सूचनापत्रकें असतील, त्यांनीं तीं तारीख व गांव लिहून राखावीं. चिठीवर इशारा कोणत्या भाषेंत होता, अक्षर किती बारीक होतें, बाटलीचें तोंड कसें होतें, हें पुढील अभ्यासकास त्यांवरूनच कळेल. आणि पुढील नियम करणाऱ्यासही.