ग्रॅज्युएट आउटकम्स सर्वेक्षण

ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण पूर्ण केलेल्यांची पुढील वाटचाल नोंदवणारे वार्षिक सर्वेक्षण. ‘हेसा’ या उच्च शिक्षण सांख्यिकी संस्थेने २०१७–१८ मधील पदवीधरांपासून ते सुरू केले; २०२२ मध्ये ही संस्था ‘जिस्क’ या शिक्षणक्षेत्राला डिजिटल सेवा देणाऱ्या संस्थेत विलीन झाली.

त्यापूर्वीच्या ‘डीएलएचई’ सर्वेक्षणात शिक्षण संपल्यावर सुमारे सहा महिन्यांनी माहिती घेतली जाई आणि ती विद्यापीठे स्वतः जमवून हेसाकडे पाठवत. एवढ्या अवधीत अनेकांचे बस्तान बसलेले नसते. शिवाय ज्या संस्थेचे मूल्यमापन व्हायचे तिनेच आकडे गोळा करावेत, हे तत्त्वतः खटकणारे होते. आता विचारणा सुमारे १५ महिन्यांनी आणि केंद्रीय यंत्रणेमार्फत होते. त्यासाठी वर्षभरातील पदवीधरांचे चार गट पाडतात. विद्यापीठांचे मुख्य काम म्हणजे या पदवीधरांचे अद्ययावत ईमेल पत्ते व फोन क्रमांक मुदतीत सादर करणे. हे काम वरकरणी कारकुनी वाटले, तरी प्रतिसादाचे प्रमाण बरेचसे त्यावरच ठरते. कारण विद्यापीठाने दिलेला ईमेल शिक्षण संपल्यावर बहुधा वापरातून जातो.

संपर्क ईमेल, एसएमएस व फोनद्वारे होतो. नोकरी, वेतन, स्वयंरोजगार, पुढील शिक्षण यांबरोबरच सध्याचे काम अर्थपूर्ण वाटते का, शिकलेले त्यात उपयोगी पडते का, हेही विचारतात. केवळ पगारावरून शिक्षणाची किंमत ठरवण्याला हे प्रश्न चांगला उतारा आहेत. व्यवसायांच्या उत्तरांना प्रमाणित संकेतांक दिले जातात.

भारतात राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीतही (एनआयआरएफ) पदवीधरांच्या फलनिष्पत्तीला स्थान आहे. मात्र तेथील रोजगार व वेतनाची माहिती शिक्षणसंस्था स्वतःच सादर करतात.